अक्काला आणायला कोण जाणार?

नाना,

होळीनंतर तू गेलास आणि बघता बघता अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तोंडावर आली. वहिनीनं काल कुंभाराकडून घागर आणली. दर वर्षी ती तुझ्या वडिलांच्या नावानं भरली जायची, तिच्यावर लोटा, लोट्यावर डांगर, ते पिवळं खरबूज, आणि तू उघड्या अंगानं पाटावर बसून पाणी सोडायचास. यंदा तिनं दोन घागरी आणल्या. दुसरी कोणासाठी हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "भाऊजी, अक्कांना आणायला कोण जाणार?"

प्रश्न साधाच होता. तुझ्या दोन्ही मुली शाळेत जाणाऱ्या, घरात दुसरा पुरुष नाही. अक्का तुझी एकुलती एक बहीण, चाळीसगावच्या पुढे दिलेली, आणि आपल्याकडे आखाजीला बहीण आपण होऊन माहेरी येत नाही. तिला आणायला मुऱ्हाळी जावा लागतो, आणि तो मुऱ्हाळी तिचा भाऊ असावा लागतो. मी वहिनीला "बघू" म्हणालो आणि चपला घालून निघालो. घरी येऊन हे लिहायला बसलोय, कारण ह्या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी जितका भांडलो तितका बायकोशीही भांडलेलो नाही, आणि ते भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास. ही तुझी जुनीच खोड. वादात हरायची वेळ आली की तुला नेमकं कुठंतरी जायचं असायचं.

लोक भेटतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मोठा शिस्तीचा माणूस होता म्हणतात. मी मान हलवतो. शिस्त म्हणजे काय ह्यावरच आपलं कधी जमलं नाही, हे त्यांना कशाला सांगू?

आपण दोघं साक्रीकडच्या एकाच गावचे, एकाच गल्लीतले. लढाई लागली तेव्हा तू ब्रह्मदेशात गेलास आणि मी इटलीत खेचरांच्या मागं मागं फिरलो. परत आलो तेव्हा तुझ्या खांद्यावर कप्तानाच्या फुल्या होत्या आणि मी सुभेदार. स्वराज्य आल्यावर दोनेक वर्षांनी धुळ्यात शेतकरी पोरांची ती राखीव कंपनी उभी राहिली. वर्षभर शेती करायची, उन्हाळ्यात शेतं रिकामी झाली की महिनाभर पांझरेकाठच्या मैदानावर छावणीत यायचं आणि शिपाई व्हायचं. गावातले लोक त्यांना उन्हाळी शिपाई म्हणून चिडवायचे. आधीचा कप्तान बदलून गेला, कंपनी तुझ्या हाती आली, आणि कोठार, लंगर, हजेरी हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. मैदानावर मी तुला "साहेब, तुम्ही" म्हणायचो आणि संध्याकाळी तंबूमागं बिडी ओढताना "नान्या". एकदा भर परेडीत चुकून उलटं झालं तेव्हा पुढची रांग हसली होती आणि तू न ऐकल्यासारखं केलं होतंस.

त्या पहिल्याच संध्याकाळी तू मला सांगितलंस, "उत्तम, वरून एकच उन्हाळा दिलाय. छावणी धड झाली नाही तर कंपनी मोडून दुसऱ्या जिल्ह्याच्या पलटणीत टाकणार." कारण मला माहीत होतं, तुलाही होतं. दर उन्हाळ्यात छावणी मध्यावर आली की अर्धी कंपनी नाहीशी व्हायची. रजा नाही, सांगणं नाही. सकाळच्या हजेरीला तंबूंत नुसती घोंगडी असायची. चार-सहा दिवसांनी हे पळपुटे आपले आपण परत यायचे, शिक्षा घ्यायला रांगेत उभे राहायचे, आणि वर साहेबासाठी फडक्यात सांजोऱ्या बांधून आणायचे. जगात दुसऱ्या कुठल्या फौजेत पळून गेलेला शिपाई अधिकाऱ्याला सांजोऱ्या देत असेल असं मला वाटत नाही.

तू मात्र आधी बाकीच्या गोष्टींना हात घातलास. तेव्हा मला तुझा राग यायचा, आता आठवलं की हसू येतं. आधी दिवसभर नुसतं दायाँ-बायाँ चालायचं. तू कवायत उन्हं चढायच्या आत संपवलीस आणि मग पोरांना कामं वाटून दिलीस. कोणी बिनतारी यंत्रावर, कोणी जखमा बांधायला, कोणी गाड्या भरायला-उतरवायला. बंदूक उघडून पुन्हा जोडायचा सराव तू जेवणाआधी ठेवलास, म्हणजे हात भरभर चालतात. बुटांचं तर विचारूच नकोस. जन्मभर अनवाणी चाललेले ते पसरट पाय, आणि कोठारातून येणारे अरुंद बूट. पोरं बूट गळ्यात अडकवून लंगडत चालायची. तू एक अख्खी दुपार सगळ्यांना मैदानात बसवून बूट आपसात बदलायला लावलेस. बाजार भरल्यासारखा गलका झाला, पण दुसऱ्या दिवशी कंपनी सरळ चालली. हे मला सुचलं नव्हतं, कोठार माझं असून. तेव्हा मी तसं बोललो नाही. आता बोलतो, कारण आता तू मिशीला पीळ देऊ शकत नाहीस.

लंगरावरून मात्र मी तुला नमवलं. आधी गावागावांच्या चुली वेगळ्या असायच्या. तू एकच चूल केलीस, ते चांगलंच केलंस, पण शिधा आला गव्हाचा. कळण्याच्या भाकरीवर वाढलेली पोरं ती चपाती हातात घेऊन तिच्याकडं बघत बसायची. मी कोठारातून परस्पर ज्वारी-उडीद मिळवले. तू आधी भडकलास, "हे नियमात नाही" म्हणालास, आणि मग वांग्याच्या भरताबरोबर तूच जास्तीची भाकरी मागून घेतलीस. रावेर-यावलकडची केळीवाली पोरंसुद्धा तेव्हा हसली. त्यांना तसं कशावरही पटकन हसू यायचं.

मग आखाजी जवळ आली. छावणीतली कुजबुज मला कळायला लागली. बैलांच्या घुंगरांची चौकशी, कोणाची बहीण कुठं दिली, कोणाची दमणी गाडी मोकळी आहे. हिलाल नावाचा आपला नाईक, चांगला उंच, एरवी कधी तोंड न उघडणारा, तो एका सकाळी माझ्यापाशी आला नि खाली बघून म्हणाला, "सुभेदारसाहेब, बहीण वाट देखी ऱ्हायनी." एवढंच. त्याचं पुढचं मला समजलं. दोन दिवसांत तोही जाणार आणि त्याच्यामागं बठ्ठे, सगळेच.

मी तुझ्या तंबूत आलो. तू नकाशा पसरून बसला होतास आणि खूष होतास. तू सगळ्या शिपायांच्या बहिणींची गावं नकाशावर टिपली होतीस. पाचोऱ्याच्या दिशेला इतक्या, चाळीसगावच्या दिशेला इतक्या, साक्रीच्या दिशेला इतक्या. "हे बघ," तू म्हणालास, "एका बहिणीसाठी एक भाऊ, एक गाडी, दोन बैल, जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. अशी शंभर माणसं शंभर वाटांनी पळतात. ह्यात अक्कल आहे का? एका दिशेला एक जवान पाठवायचा. वाटेतल्या साऱ्या बहिणी तोच घेऊन येईल. कंपनी जागेवर, बहिणी माहेरी, आणि आपला वाहतुकीचा सरावही झाला."

मी म्हणालो, "बहिणी येणार नाहीत."

"का?"

"त्यांना आणायला भाऊ यावा लागतो."

"जवान वर्दीत जाईल. वर्दी घातली की कोणीही कोणाचाही भाऊ."

"नान्या, वर्दीनं भाऊ होत नसतं."

त्यावर तू माझ्याकडं पाहिलंस आणि गावच्या बोलीत म्हणालास, "तुले बहीण नही, उत्तम. तुले काय समजस?"

खरं होतं ते. आम्ही तिघं भाऊच. आमच्या अंगणातल्या लिंबाला आखाजीला कधी झोका लागला नाही. गल्लीतल्या सगळ्या अंगणांत गौराईची गाणी चालायची आणि आमची आई दार ओढून पुरणपोळ्या करत बसायची. ज्याला बहीण नाही त्यालाच ठाऊक असतं की दारातून बहीण येते म्हणजे काय, असं मला म्हणायचं होतं. पण तू हुकूम दिला होतास. मी टाचा जुळवल्या आणि बाहेर आलो. रात्रभर तुला मनात शिव्या घातल्या.

तुझे जवान गेले. इस्त्रीच्या वर्दीत, चकचकीत बुटांत, हातात बहिणींच्या नावांची यादी घेऊन गेले आणि जवळजवळ सगळे रिकामेच परत आले. पाचोऱ्याकडं एका सासूनं दारातूनच परत लावलं, "आम्ही सूनले परका मानूससंगे धाडाव नही." दुसऱ्या गावात फौजेचा शिपाई दारात पाहून घरातल्यांना वाटलं की भाऊ कुठं मेला, त्याचा निरोप घेऊन आलाय. त्या पोरीनं अंगणात बसून असा टाहो फोडला की आपल्या जवानालाही रडू आलं. त्या रडण्याचं ऐकून मात्र तुझा चेहरा उतरला.

चाळीसगावकडं तू हिलालला पाठवलं होतंस. त्याच्या यादीत त्याची स्वतःची बहीण होती आणि तुझीही. लढाईची वर्षं तू बाहेर होतास, पुढं फौजेच्या कामानं दर उन्हाळा गेला, आणि अक्का किती आखाज्या माहेरी आली नव्हती ते तुलाच माहीत. हिलाल आपल्या बहिणीला घेऊन आला. अक्काला नाही. तुझ्यासमोर उभा राहिला आणि काही केल्या बोलेना. तू दरडावलंस तेव्हा म्हणाला, "साहेब, त्या म्हनतीस..." आणि थांबला. मग तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "मन्हा भाऊ जित्ता शे ना? मंग त्यालेच धाडा. तो नही ऱ्हाई तवय धाडा दुसराले."

तू टेबलावरचा पट्टा उचललास आणि त्याचं पितळ पुसत बसलास. बराच वेळ. पितळ आधीच लखलखीत होतं. मी हिलालला खूण केली, तो गेला, मीही गेलो. सकाळी तू मला बोलावलंस आणि म्हणालास, "तुझं म्हणणं सांग."

नाना, त्या सकाळी आपण दोघांनी मिळून जे केलं तितकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. भाऊ स्वतः जाईल, हे माझं. पण एका दिशेचे सगळे भाऊ एकत्र जातील, एकत्र येतील, हे तुझं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाळीची, तीही तुझीच. आधीची तुकडी परत आल्याशिवाय पुढची सुटणार नाही. कोणी घरी आंब्याच्या रसावर आडवा झाला आणि एक दिवस उशिरा आला, तर त्याच्या मित्राची बहीण आखाजीला सासरीच राहणार. तू हे रांगेसमोर सांगितलंस, दोन वाक्यांत, आवाज न चढवता. पहारे नाहीत, शिक्षेची धमकी नाही. पहिली तुकडी वेळेच्या आधी परत आली. धावत आली म्हटलं तरी चालेल. बहिणींना आपापल्या घरी उतरवून पोरं छावणीत हजर झाली आणि पुढच्यांना म्हणाली, "जा, जा, लवकर जा."

मग हिलालनंच विचारलं. एवढा मुखदुर्बळ माणूस, पण भर मैदानात म्हणाला, "साहेब, तुमनी पाळी कवय?" रांगेत कोणी हललं नाही. तू मला विचारलंस, "सुभेदार, चाळीसगावची तुकडी कधी?" मी म्हणालो, शेवटून दुसरी. "त्यात माझं नाव घाला," असं तू म्हणालास.

आणि ती तुकडी परतायच्या नेमक्या दिवशीच वरून कर्नलसाहेब तपासणीला येणार असा सांगावा आला.

मी तुला किती विनवलं ते आठव. तुझी मेजरकी जवळ आली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, एक दिवस थांब, अक्का समजून घेईल. तू धोतर नेसत होतास. वर्दी घडी करून खाटेवर ठेवली होतीस. मी विचारलं, वर्दी का नाही? तू म्हणालास, "अक्कानं भावाला बोलावलंय." मग टोपी घालता घालता म्हणालास, "मी थांबलो तर शेवटची तुकडी कोणत्या तोंडानं थांबवू? पाळी म्हणजे पाळी." निघताना मात्र तुझ्या स्वभावाप्रमाणं मला एक हुकूम देऊन गेलास, "कर्नलसाहेबांशी खोटं बोलू नकोस. आणि खरंही लवकर सांगू नकोस."

तपासणीची ती सकाळ मी कशी काढली, माझं मला माहीत. कर्नलसाहेब उत्तरेकडचे, भरदार मिशांचे, कमी बोलणारे. "कप्तान किधर है?" म्हणाले. मी म्हणालो, "साहब, आ रहे हैं। तब तक लंगर देखिए।" लंगर पाहिला. भाकरी चाखली. मग बूट दाखवले. मग बंदुका उघडून जोडायला लावल्या, पोरांनी डोळे बांधून जोडल्या. हजेरी घेतली, आणि आखाजीच्या तोंडावर इतकी माणसं जागेवर पाहून त्यांनी दोनदा मोजली. मग पुन्हा, "कप्तान किधर है?" आता दाखवायला संडासच राहिले होते, आणि नाना, देवाशपथ, मी तेही दाखवले.

तेवढ्यात स्टेशनच्या रस्त्यानं घुंगरं वाजली. आपल्या कंपनीच्या बैलगाड्या, एकामागं एक, मधलं अंतर तू शिकवलेलं तेवढंच, ना कमी ना जास्त. गाड्यांत नव्या लुगड्यांच्या बायका, मांडीवर गाठोडी, आणि त्या गाणं म्हणत होत्या. आणि पुढच्या गाडीच्या कासऱ्याला धरून कप्तान, धोतरात, टोपी घामानं भिजलेली. मैदानाच्या कडेला कर्नलसाहेब दिसले तशा गाड्या थांबल्या, गाणं थांबलं. तू आलास आणि सावधान उभा राहिलास. सलाम केला नाहीस, कारण अंगावर वर्दी नव्हती.

"ये क्या है?" साहेब म्हणाले.

तू म्हणालास, "साहब, मेरी बारी थी।"

दुसरं काहीच नाही. तू इतका बोलका माणूस, मला तासन् तास व्याख्यानं देणारा, आणि त्या वेळी तुझ्याकडं एवढंच निघालं. साहेबांनी गाड्यांकडं पाहिलं. विचारलं, सगळे परत आले? तू म्हणालास, सगळे. आणि त्यांच्यासमोरच वळून तू ओरडलास, "शेवटची तुकडी, निघा!" पोरं अशी सुटली की धुरळ्यात साहेबांची मिशी पांढरी झाली. अक्का पहिल्याच गाडीत होती. मला बघून हसली, वाकून म्हणाली, "उत्तम, तुना साहेब आते तरी सुधारना का रे?"

कंपनी राहिली. तपासणीचा शेरा चांगला आला आणि पुढं पाळीची पद्धत वर्षानुवर्षं चालली. तू मात्र कप्तानाचा मेजर कधी झाला नाहीस. तुझ्यामागचे झाले, तू त्यांना पेढे दिलेस. त्या धोतरामुळं की आणखी कशामुळं, हे कोणी सांगितलं नाही. मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू विषय बदलला असतास, पण मला भीती होती की बदलणार नाहीस, खरंच सांगशील. तेवढं एक राहून गेलं.

त्यानंतर तू दर आखाजीला गेलास, नोकरी संपल्यावरही. वाद मात्र तू सोडला नाहीस. "लोकांना सवय लावली तर दुसराही मुऱ्हाळी जाऊ शकतो," हे तुझं, आणि "नाही जाऊ शकत," हे माझं. ह्या माघात ओट्यावर बसून तू पुन्हा सुरू केलंस. मी तुला नीट कोंडीत पकडलं होतं, आणि तू एकदम उठलास, गुराला पाणी दाखवायचं राहिलं म्हणालास. गूर समोरच तोंड ओलं करून उभं होतं.

तर आता सांग. अक्काला आणायला कोण जाणार?

*

इथवर लिहून कागद ठेवून दिला होता. आता आखाजी होऊन गेली आहे. मराठी माणसांचं नवं राज्य व्हायचं म्हणून गावात तोरणं बांधताहेत, पोरं ओरडत फिरताहेत, तू असतास तर त्यांना रांगेत उभं केलं असतंस.

मी गेलो, नाना. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, हातात वहिनीनं दिलेलं लुगडं आणि सांजोऱ्यांचं फडकं. धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीत बसलो तेव्हा मला चक्क भीती वाटत होती. इटलीतही इतकी वाटली नव्हती. वाटभर मनात जुळवत होतो की सांगायचं काय. वहिनीनं पाठवलंय म्हणायचं, की नानाचा मित्र म्हणायचं, की शेजारी. चाळीसगावहून पुढं एकाच्या गाडीतून गेलो. ऊन असं होतं की बैलही मान वर करेना.

अक्काचा सासरा आता फार म्हातारा झाला आहे. अंगणात खाटेवर बसला होता, त्याला नीट दिसत नाही. माझी चाहूल लागली तशी त्यानं हात डोळ्यांवर धरला आणि विचारलं, "हाऊ कोन शे?"

आणि जुळवलेलं सगळं गेलं. मी तसाच उभा राहिलो फडकं धरून. माझ्या कानात हिलालचा आवाज होता, तो नही ऱ्हाई तवय धाडा दुसराले. मी तोच दुसरा होतो. माझ्याकडं बघूनच अक्काला पुन्हा नव्यानं कळणार होतं की भाऊ नाही, आणि हे तिला कळवायला मी आलो होतो असं मला वाटलं. परत फिरावं असंही वाटलं, खरं सांगतो.

अक्का उंबऱ्यात आली. तिचं गाठोडं बांधून तयार होतं, दाराशीच ठेवलेलं. म्हणजे ती वाट बघत होती. कोणाची, ते मी विचारलं नाही. तिनं मला पाहिलं, धोतराकडं पाहिलं, फडक्याकडं पाहिलं. तोंडावर पदर धरला, पुन्हा काढला. मग सासऱ्याकडं वळून, त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "मन्हा भाऊ शे."

म्हाताऱ्यानं "ये भो, बस" म्हटलं आणि खाटेवर सरकून जागा दिली.

रेल्वेत आम्ही फार बोललो नाही. ती खिडकीशी बसली होती. मला वाटलं रडत असेल, पण ती शेतं बघत होती. धुळं आलं, स्टेशनाबाहेर जिथं आपल्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं आता मोटारीचा थांबा आहे, तिथं मात्र तिचे पाय अडले. म्हणाली, "अठे नाना उभा ऱ्हायना व्हता, धोतर नेसीसनी." मग रडली. मीही रडलो. मोटारीचा कंडक्टर "चला साक्री, साक्री" ओरडत होता, त्यालाही आमच्याकडं बघून दुसरीकडं बघावं लागलं.

तुझी घागर तुझ्या थोरलीनं भरली. कोणी कुरकुरलं नाही, अक्का शेजारी बसली होती, कोणाची हिंमत झाली असती? डांगर चांगलं गोड निघालं. दुपारी अक्का माझ्या घरी आली. माझी बायको गोंधळली. अक्का तिच्याशी काही न बोलता अंगणात गेली, दोर मागून घेतला आणि आमच्या लिंबाला झोका बांधला. आई असती तर, असं मला वाटलं, आणि मी ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिलो. तुझ्या मुली त्यावर संध्याकाळपर्यंत झुलल्या.

तर वादाचं. माझ्या अंगावर वर्दी नव्हती, हे लक्षात ठेव. तेव्हा तू जिंकलास असं समजू नकोस. पण परक्याबरोबर बहीण येत नाही असं इतकी वर्षं म्हणणारा मीच, त्यामुळं मी जिंकलो असंही मला म्हणता येईना. तू असतास तर आपण ह्यावर आणखी वीस वर्षं काढली असती. आता मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय, आणि तुझी बाजू मांडताना मीही मधेच उठून गुराला पाणी दाखवायला जातो.

काल अक्काला परत सोडून आलो. निघताना तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यानं हात चाचपून माझा हात धरला आणि विचारलं, "येत्या आखाजीले कोन येई रे भो?"

मी म्हणालो, मीच. आता माझी पाळी.